बिनसाखरेचे टोस्ट

प्रिय धाकटे,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर वाचून मग फाड, कारण दुसऱ्यांदा लिहायला मला जमणार नाही. चौथीनंतर सही सोडून मी काही लिहिलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे तुझं. म्हणून हे आमच्या टोस्टच्या कारखान्याच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय. तुमच्या बाजूला माल पोचवायला तो उद्या दुपारी येईल. तुझी खुशाली विचारत नाही. दोन वर्षं विचारली नाही आणि आज विचारली तर तूच म्हणशील, ताईला आताच बरा उमाळा आला.

सरळ सांगते. तुझ्या भाऊजींचा डावा पाय काढायचा आहे. गुडघ्याच्या खाली. मोठे डॉक्टर म्हणाले, शुक्रवारच्या आत काढला नाही तर विष वर चढेल, मग नुसत्या पायावर भागणार नाही. आज मंगळवार आहे. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून लिहितेय, मांडीवर टोस्टच्या खोक्याचा पुठ्ठा ठेवून.

झालं ते सुईमुळे. तुला माहीत आहे ना, तुझे भाऊजी शिलाईचं मशीन अनवाणीच चालवतात. चप्पल असली की पायडल कळत नाही म्हणतात. मशीनची सुई तुटली, टोक खाली पडलं आणि ह्यांच्या तळव्यात घुसलं. दोन दिवस ह्यांना पत्ताच नाही. फरशीवर डाग दिसले तेव्हा मी खेकसले, कुठल्या लाल कापडाचा रंग गळला म्हणून. हे शांतपणे म्हणाले, लाल काही शिवतच नाहीये मी. मग पाय उलटा करून बघितला. सुईचं टोक आत, भोवती सगळं काळंनिळं, आणि ह्यांना दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं गं. साखरेनं पायातली जाणीव कधीच गेली होती, आम्हा दोघांना कळलं नाही.

साखर निघाली त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हा आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि उभ्याउभ्याच सांगितलं, गोड बंद, तेलकट बंद. पुढच्या पेशंटला हाक मारलीसुद्धा. मी म्हटलं, एवढंच ना, करते. तुला माझा स्वभाव माहीत आहे, एकदा ठरवलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. साखरेचा डबा शेजारणीकडे नेऊन ठेवला. तेल बंद. अंडी बंद, कारण कुणीतरी सांगितलं त्यात चरबी असते. शेंगदाणे बंद, मासे बंद. डाळसुद्धा नुसत्या पाण्यासारखी, कारण फोडणीशिवाय ती त्यांच्या घशाखाली उतरेना. मग माणसानं खायचं काय? दिवसभर मशीनवर बसायचं तर पोट भरायला हवं. म्हणून भात, उकडलेले बटाटे, पाव. आणि टोस्ट.

टोस्टबद्दल मला खात्री होती. सतरा वर्षं मी त्या कारखान्यात निवडायला बसते. पट्ट्यावरून टोस्ट येतात, जळके, तुटके, वाकडे आम्ही बाजूला काढायचे. तुटक्यांची एकेक पिशवी शनिवारी प्रत्येक बाईला घरी न्यायला मिळते. आणि दर सोमवारी एक मोठी खेप दवाखान्यांना जाते, खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. मी म्हटलं, जे दवाखान्यात आजारी माणसाला देतात ते माझ्या नवऱ्याला कसं बाधेल? सगळ्या बायका शनिवारी साखर लावलेल्या तुकड्यांवर तुटून पडायच्या, मी साधे वेचायची. त्यात चुकून एखादा गोड नको म्हणून घरी आणल्यावर एकेकाची कड मोडून चाखायची. चाखून बघितलेले टोस्ट ह्यांच्या पुढ्यात ठेवायची, सकाळी सहा टोस्ट, दुपारी चार टोस्ट, संध्याकाळी परत. बिनसाखरेच्या चहात बुडवून खायचे बिचारे. एकदा म्हणाले, तुझ्या कारखान्याचा मीच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झालोय. मी म्हटलं, फुकटचं मिळतंय तर खा मुकाट्यानं.

आणि साखर वाढत गेली. दोनशेदहा होती ती अडीचशे झाली, मग तीनशेच्या वर. रक्तातली चरबी पण वाढली. मला काही समजेना. घरात तेलाचा थेंब नाही आणि ह्यांच्या रक्तात चरबी? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि हसून म्हणाले, साहेब बाहेर चोरून खातायत, लक्ष ठेवा. बस. ते वाक्य मी डोक्यात घेऊन घरी आले.

पुढचं सगळं तुला माहीत नाही. मी ह्यांचे खिसे बघायला लागले. आधी सदऱ्याचे, मग पिशवीतले, मग गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेल्या कपड्यांचेसुद्धा. एक शाळेतली बाई कोट न्यायला आली होती, तिच्यासमोर मी तिच्याच कोटाच्या खिशात हात घातला, म्हटलं ह्यांनी ह्यात गोड गोळ्या लपवल्या असतील. ती बाई परत आली नाही. हे काही बोलले नाहीत. हळूहळू घरी येणारं काम कमी झालं, तेव्हाही बोलले नाहीत. मी रोज विचारायची, आज काय खाल्लंत? हे म्हणायचे, तू दिलंस ते. मी म्हणायची, मग साखर काय आभाळातून पडते का? तोंड हुंगायची मी त्यांचं, धाकटे. पन्नाशीच्या माणसाला जीभ बाहेर काढायला लावायची.

असं दीड वर्ष चाललं. मग एका दुपारी हे मशीनवर होते, समोर कुणाच्या तरी लग्नाच्या कोटाची बाही, आणि मी दारात उभी राहून तेच तेच. ह्यांनी पायडल थांबवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो, खाल्लं. आता शिवू दे मला."

मी विचारलं, कुणी दिलं? ह्यांनी पायडल परत चालू केलं. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नुसता मशीनचा आवाज.

आणि मी ठरवलं, की तू. आणखी कोण असणार? तू गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात कामाला, दर बुधवारी सुट्टीला आमच्याकडे येणार, भाऊजींशी पत्ते खेळत बसणार, हसणार. माझ्याशी ते कधी तसं हसले नाहीत. हे आज पहिल्यांदा लिहितेय. तुझ्या दुकानात येऊन मी काय बोलले ते तुला पाठ असेल. मालक उभा होता, गिऱ्हाइकं उभी होती. भाऊजींना चोरून गोळ्या चारतेस म्हणाले, ते एक वेळ सोड. पण तुझं घर मोडलं म्हणून तू माझ्या संसारात हात घालतेस, हे मी बोलले. ते मला खरंच वाटत होतं की नाही, आजही सांगता येत नाही. पण माझं डोकं गरम झालं होतं असं म्हणून मी सुटणार नाही. वाटेत दोन बस सोडल्या होत्या मी, काय बोलायचं ते जुळवत.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तिचं येणं बंद केलंय. ह्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, बघा, सापडलात की नाही.

तू गेलीस, बुधवार गेले, आणि साखर तशीच. मग मी म्हटलं, दुसरं कुणीतरी देत असेल.

आता ऐक. गेल्या आठवड्यात इथे ॲडमिट केलं तेव्हा वॉर्डात एक मुलगी आली, आहार सांगणारी. आपल्या भाचीएवढी असेल. तिनं विचारलं, मावशी, घरी काय खायला देता? मी ताठ मानेनं सांगितलं, गोडाचा कण नाही, तेलाचा थेंब नाही, सगळं मी स्वतः चाखून देते. डबा पण उघडून दाखवला, भात, बटाटा, आणि पिशवीत टोस्ट. तिनं पिशवीतले टोस्ट मोजले. मग म्हणाली, आज सकाळी रोजच्यासारखंच द्या, आपण फक्त मोजू. बोटाला टोचून रक्त घेतलं, एकशेनव्वद. मग ह्यांनी माझ्या हातचे सहा टोस्ट खाल्ले, ती समोर उभी. दोन तास मी पलंगाजवळून हलले नाही, कोण येतं, काय देतं बघत. कुणी आलं नाही. परत टोचलं, तीनशेचाळीस.

मी म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. तिनं दुसरं आणलं. तेच.

तेव्हा ती म्हणाली, "मावशी, टोस्ट जिभेला गोड लागत नाही. पण पोटात गेला की त्याची साखरच होते."

भाताची तीच, बटाट्याची तीच, पावाची तीच. मैद्याची तर लवकर होते म्हणाली. आणि अंगाला लागते त्याहून जास्त झाली की तिचीच चरबी बनून रक्तात फिरते, तेलाचा थेंब नसला तरी. मी जे जे बंद केलं होतं, अंडं, डाळ, मासे, शेंगदाणे, त्यानं पोट भरलं असतं आणि साखर एवढी चढली नसती. भातसुद्धा सोडायला नको होता, वाटीभर, भाजी आणि डाळीबरोबर. एवढंच. मी विचारलं, मग दवाखान्यांना टोस्ट का पाठवतात? ती म्हणाली, तिथे सगळ्यांनाच साखर नसते ना मावशी. सतरा वर्षं मी ती खोकी भरली, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

चांगली मुलगी आहे. माझा चेहरा बघून म्हणाली, गोळ्यासुद्धा वेळेवर वाढवायला हव्या होत्या, पायाच्या नसा बऱ्याच वर्षांपासून खराब होत असतात, सगळं जेवणामुळे नाही. मी ऐकून घेतलं. पण टोस्ट चाखून पुढ्यात ठेवणारी ती नव्हती, मी होते.

त्याच दिवशी मी ह्यांच्याजवळ बसले. मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही, शब्द कुठून आणायचे तेच कळेना. एवढंच म्हटलं, तुम्ही कधीच काही चोरून खाल्लं नव्हतं. हे छताकडे बघत होते. म्हणाले, "मला ते माहीत होतं." हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मग म्हणाले, तू कुणी दिलं म्हणून विचारलंस तेव्हा मी गप्प बसलो, ती चूक माझी. त्या पोरीचं नाव तूच घेतलंस आणि मी नाही म्हणालो नाही. नाही म्हटलं असतं तर परत सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं, मी दमलो होतो.

त्यानंतर हे माझ्याशी बोललेले नाहीत. भांडण नाही. मी डबा आणते, त्या मुलीनं लिहून दिलंय तसा, अंडं, पालेभाजी, दोन घास भात. हे चार घास घेतात आणि बाजूला करतात. जखमेला वास यायला लागलाय. मी पदर नाकाला लावत नाही. सही करायचा कागद तीन दिवस उशाशी पडून आहे. डॉक्टर आले, सर्जन आले, ती मुलगी आली. ह्यांचं एकच, पायडल कशानं मारू? पायाशिवाय घरी नेऊन काय करणार आहे ही माझं? ही म्हणजे मी. परत माझ्या हातात पडायचं नाहीये त्यांना, धाकटे. मरण परवडलं, पण मी नको. ते असं बोलले नाहीत. पण तीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिलेय, एवढं कळतं मला.

मी रागावले, हात जोडले, कागद त्यांच्या हातात कोंबला. पेन सोडून दिलं त्यांनी. उद्या बुधवार, मग गुरुवार. माझं ऐकणार नाहीत, आणि त्यांनी का ऐकावं?

म्हणून लिहितेय. तुझं ऐकतील. तुझ्यासमोर हे हसायचे. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तुझं तू बघ, आणि नाही केलंस तरी मला नवल वाटणार नाही. माझ्या तोंडाकडेही बघू नको. पण तू ये. वॉर्ड दुसरा मजला, जिन्यानं वर आलं की डाव्या हाताला, खिडकीजवळचा पलंग. भेटीची वेळ चार ते सहा. तू आलेली दिसलीस की मी खाली रस्त्यावर जाऊन उभी राहीन. पलंगाभोवतीचा पडदा ओढून घे, हवा तेवढा वेळ बस. काय बोललात ते मी विचारणार नाही.

तुझीच, तुला नको असले तरी,
थोरली