वाचनालयाच्या माडीवरचा वर्ग

५ सप्टेंबर

आज बाबांना घेऊन वाचनालयाच्या माडीवर गेले. विद्यापीठाच्या वाचा-उपचार विभागाने तिथे दर गुरुवारी वर्ग सुरू केलाय — अर्धांगाचा झटका आल्यानंतर ज्यांची बोलती बंद झाली त्यांच्यासाठी. फुकट. जिना चढायला वेळ लागला. बाबांचा उजवा पाय अजून ओढावा लागतो.

विद्यापीठ म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची लांबलचक भिंत, एवढंच मला इतकी वर्षं ठाऊक. शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, तुमचा दवाखाना आत आहेच, मग इथे कशाला? म्हणाल्या, "फाटकावर पहारेकरी विचारतो, काय काम आहे? आमच्या पेशंटला नेमकं तेच सांगता येत नाही. बरेचजण तिथूनच परत जायचे. म्हणून आम्हीच बाहेर आलो."

मॅडम पन्नाशीच्या. उगाच हसत नाहीत. बाबांना आवडल्या असाव्यात.

८ सप्टेंबर

बाबांकडे एकच शब्द उरलाय — उद्या. जेवलात का? उद्या. पाय दुखतोय का? उद्या. जन्मभर बस चालवली, कधी उशीर म्हणून केला नाही, आणि आता सगळंच उद्यावर.

दादा येऊन गेला. बाबांच्या समोरच म्हणाला की यांना आता काही कळत नाही, तू उगीच जीव आटवतेस, चांगलासा वृद्धाश्रम बघू या. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. उलटा नव्हता धरलेला.

१२ सप्टेंबर

वर्गात पाच-सहाजण. एका शिंपीकाकांना फक्त शिव्या येतात, त्याही खणखणीत. त्यांच्या बायकोला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, असू द्या, आवाज तरी मोकळा आहे. एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत. स्वतःचं नाव सांगता येत नाही, पाढे मात्र धडाधड. मग सगळ्यांनी मिळून पाढेच म्हटले. बाबा गप्प. पायाने ठेका धरला होता, डाव्या.

घरच्यांनी आपल्या माणसासाठी एक उपयोगाचा शब्द निवडायचा. मी चहा निवडला. बाबांचा जीव आहे चहावर. मॅडमनी तो आणखी सोपा केला — नुसतं "चा".

१५ सप्टेंबर

हे लिहायचं टाळत होते. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाचे मालक दुसऱ्या गावात नवं दुकान उघडतायत. तिकडचं सगळं तू सांभाळशील का, असं विचारलं. डोळे तपासायची खोली माझ्या ताब्यात, हाताखाली माणसं, वरच राहायला जागा. नाही म्हणाले. बाबांना कोण बघणार?

दादाला सांगितलंच नाही, लगेच वृद्धाश्रमाचं धरून बसला असता. संध्याकाळी बाबांचे पाय चोळता चोळता त्यांनाच सांगून टाकलं. भिंतीशी बोलावं तसं. ती खोली मला किती हवी होती, तेसुद्धा.

१९ सप्टेंबर

मॅडमनी दादाला मुद्दाम बोलावून घेतलं. बाबांपुढे टेबलावर चित्रं मांडली. म्हणाल्या, ज्याने केस कापतात ते दाखवा. बाबांनी कात्रीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, आधी किल्ली, नंतर छत्री, पण कपाला हात लावायचा नाही. तेही बरोबर. दादा बघतच राहिला.

मॅडम त्याला म्हणाल्या, "यांना सगळं कळतं. घर शाबूत आहे, दार अडकलंय."

दादाने मान खाली घातली ती घर येईपर्यंत वर केली नाही. येताना बाबांचा हात त्यानेच धरला होता.

आणि मी? सगळं कळतं म्हणजे पाय चोळतानाचंही!

२० सप्टेंबर

बाबांकडे बघवत नाही.

२६ सप्टेंबर

शब्द फुटला! पण चा नाही — "जा." मॅडम म्हणाल्या, दोन्हीला जीभ एकाच जागी लागते, होतं असं. जवळ आलंय, सोडू नका. घरी येऊन आधी आधण ठेवलं.

१ ऑक्टोबर

दिवसभर आपलं "जा, जा". मी दर वेळी कप पुढे करते. घोटभर घेतात, मग कप सारून माझ्यावर डोळे वटारतात. साखर कमी-जास्त करून पाहिली. उपयोग शून्य.

दादा आता रोज सकाळी येतो, बाबांना अंघोळ घालतो. दाढीही करतो, कधी कापलं तरी बाबा चूं करत नाहीत. काल वहिनी म्हणाली, आमची पुढची खोली रिकामीच पडलीय, वाचनालयही आमच्याकडून जवळ. मी विषय बदलला.

३ ऑक्टोबर

वर्गात मॅडमनी कप उचलून बाबांना विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, "चा." स्वच्छ. मग माझ्याकडे वळले. माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "जा."

दुकानात जाऊन मालकांना विचारलं. जागा अजून कोणाला दिलेली नाही.