अकरा शेंडे

सोमवार
सगळ्यांत आधी टपकली ती चष्मेवाली, मागोमाग टकलू, गळ्यात वायरींचं भेंडोळं. मी कालच लेकीकडे राहायला आले, अजून पिशवीही सोडली नाही, तर दारात पाहुणे! दोघं लेकीच्या कामावरचे. लेकीची नोकरीच झाडांची. वरच्या काचेच्या खोलीत घेवड्याचे अकरा वेल, प्रत्येकाला वायर. वेलाचा शेंडा म्हणे दीड तासात एक गोल फेरी मारतो, आणि एकाला दुखलं की बाकीच्यांना आतून निरोप जातो, पडद्यावर रेघ उडते. मी म्हटलं, आमच्या भावकीपेक्षा बरे की. चष्मेवाली हसून हसून बेजार. ही वही लेकीनं दिली, रोजचं लिहायला. चौथी शिकलेली मी, पण बोलल्यासारखं लिहायला काय जातंय!

मंगळवार
वेल नुसते लांब सुटलेले, फुटवा नाही. शेंडा नखानं खुडला की वेल भरतो, हे मला आईनं शिकवलं. दहा खुडले. अकरावा नातीनं खुडला. सहा वर्षांची, पण नख लावायची ढब थेट माझी. कौतुकानं मुकाच घेतला.
लेक घरी आली, वर जाऊन वेल बघून आली. "आई, दोन वर्षांचं काम होतं गं." टकलू फोनवर म्हणाला, अकराही रेघा एका तालात उडताहेत, असं कधी झालं नव्हतं.

बुधवार
डावी करंगळी बधिर. टोक हिरवट. वेलांना नवे शेंडे फुटलेत, सगळे माझ्या खुर्चीकडे. खुर्ची हलवली, चहा पिऊन आले, तर पुन्हा माझ्याकडेच.

शुक्रवार
डाव्या हाताची पाचही बोटं गेली. शेंडे ज्या क्रमानं खुडले त्याच क्रमानं, एकेक बोट. डॉक्टर म्हणतात वय झालं. पण रेघ उडते तेव्हाच कळ येते, मी पाहिलंय.

शनिवार
नऊ बोटं गेली. पेन्सिल मुठीत धरून लिहिते. वेलांची माफी मागितली. हात जोडले — जुळले म्हणायचे.

रविवार
दहावा अंगठा, सकाळीच. म्हटलं, फिटलं. मग नात आली, म्हणाली, "आजी, माझं बोट झोपलंय."
अकरावा.
वेलांना म्हटलं, मीच शिकवलं तिला, माझंच घ्या. पण माझी दहाच होती —
उपटायला मुठीत वेल धरला. खाली नात किंचाळली. सोडला.
लेकीनं फोन केला. चष्मेवालीला ठाऊक आहे हे कसं थांबवायचं. तोवर वेलांना हात लावू नका म्हणाली. पेन्सिल मुठीतून निसटतेय. ती आणि टकलू दोघं येतो म्हणाले, नक्की येतो, गुरुवा—