नदीचं एक वाक्य

कोथरूड, पुणे
ऑक्टोबर २००४

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. हे फोनवर सांगता आलं असतं, इनकमिंगही आता फुकट झालं आहे. पण फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि ठेवता, आणि ते "बरं" होकाराचं की काळजीचं हे मला इतक्या लांबून कळत नाही. म्हणून पत्र. आधी वाईट बातमी सांगते. हिंजवडीच्या ज्या कंपनीची लेखी परीक्षा मी पास झाले होते, तिच्या मुलाखतीच्या यादीतून कॉलेजने माझं नाव काढलं आहे. मुलाखत दिवाळीच्या सुट्टीआधी आहे. माफीच्या कागदावर सही केली तर नाव परत लागेल. मी केलेली नाही. तुम्ही आता चष्मा काढून टेबलावर ठेवला असेल. परत लावा, सगळं सांगते.

चंपा माझ्या वर्गातली, कसबा पेठेत राहते. तिच्या घरी तांब्याची भांडी घडवतात. आळीत ठोक्यांचा आवाज इतका, की तिथली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. चंपा मात्र वर्गात हजेरीलाही नुसता हात वर करते. यंदा गणपतीत तिच्या गल्लीतल्या मंडळाने जिवंत देखावा करायचं ठरवलं. आपल्या वर्ध्याकडे हे फारसं दिसत नाही. इथे मंचावर माणसं उभी राहून नाटक करतात, पण बोलत नाहीत. आवाज आधीच कॅसेटवर भरलेला असतो, त्यावर फक्त ओठ हलवायचे. संध्याकाळपासून तोच खेळ पुन्हा पुन्हा करायचा, एवढ्या वेळा बोलून कुणाचा घसा टिकणार? विषय होता मुठा नदी. नदी झाली चंपा, आणि तिचा आवाज झाले मी. संहिताही मीच लिहिली. गणपतीच्या मांडवात तू कशाला गेलीस, असं तुम्ही विचाराल. पूजेला नव्हते गेले, बाबा. पाण्यावर बोलायचं होतं, आणि पाण्यावर बोलण्याचा हक्क आपल्या माणसांइतका कुणाला आहे?

संहितेत एक वाक्य होतं: "जे माझ्या पात्रात राडारोडा टाकतात, तेच माझ्या काठावरच्या घरांची जाहिरात करतात." मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण मंचाच्या डाव्या अंगाला मंडळाच्या मोठ्या देणगीदाराचा फलक होता, एका बिल्डरचा, आणि त्यावर नदीकाठच्या फ्लॅटचं रंगीत चित्र. रंगीत तालमीला तो माणूस स्वतः आला. ते वाक्य ऐकलं आणि चहा न पिताच निघून गेला. दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष सर्जेरावकाका मला म्हणाले, "ताई, तुमचं ते वाक्य जरा जड होतंय." मी म्हटलं, जड असेल तर सोपं करते. "सोपं नको, हलकं करा. म्हणजे काढाच." मी अर्धा तास भांडले. वाचलेलं सगळं बाहेर काढलं, राज्यघटनेच्या कलमापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बोलायला कोण नको म्हणतंय? अवश्य बोला. फक्त आमच्या कॅसेटमध्ये नको." मी नाही म्हणाले. त्यांनी मला न विचारता वाक्य पुसलं आणि त्या जागी बासरी भरली.

आता पुढचं ऐका, कारण हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. पहिल्या खेळाला मी गर्दीत उभी होते, दातओठ खात. ती जागा आली, माझा आवाज थांबला, बासरी सुरू झाली. चंपाचे ओठ मात्र हलतच राहिले. ती ते अख्खं वाक्य बोलली, बिनआवाजाचं, त्या फलकाशेजारी उभी राहून, डोळे समोर ठेवून. मला वाटलं, काय ही पोरगी! खेळ संपल्यावर धावत जाऊन तिला मिठी मारली, तर ती घाबरलेली. "अगं, मी मुद्दाम नाही केलं. माझं तोंड तुझ्या पहिल्या कॅसेटवर बसलंय. मधलं वाक्य सोडलं की पुढचं येतच नाही." मी हसत सुटले. पण गर्दीला हे कुठे ठाऊक होतं? पुढच्या खेळाला एक आजी ओरडल्या, "अहो, आवाज वाढवा, बाई काहीतरी बोलतीये!" सर्जेरावकाकांनी उत्तर दिलं, "काही नाही आजी, नदी आहे, खळखळतीये." त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "मग बरोबर फलकापाशीच कशी खळखळते?" त्यानंतर प्रत्येक खेळाला बासरी लागली की मांडवासमोर शांतता व्हायची. माणसं माना पुढे काढून चंपाच्या ओठांकडे बघायची. बाबा, मी इतकी वर्षं भाषणं केली, टाळ्या मिळवल्या, पण माणसं अशी कान देऊन ऐकताना मला कधी दिसली नव्हती. आणि ऐकायला तर काहीच नव्हतं.

मग मंडळाने चंपाला तंबी दिली: बासरी लागली की तोंड मिटायचं. तिने मिटलं. आणि व्हायचं तेच झालं, पुढची सगळी वाक्यं चुकली. माझा आवाज एकीकडे, तिचे ओठ दुसरीकडे. लोक हसले. शिट्ट्या वाजल्या. ती रडत खाली उतरली, तिला कुणी साधं पाणीही विचारलं नाही. तेव्हा मी निवेदकाच्या हातातून माईक घेतला. डोक्यात मोठं भाषण तयार होतं, कोणत्या देशात कुणी काय सोसलं इथपासून सुरू होणारं. ते राहिलं. मी फक्त ते एक वाक्य बोलले आणि सांगितलं की नदी हे म्हणत होती. मग कुणीतरी वायर काढली. उरलेले दिवस नदीचं काम सर्जेरावकाकांच्या भाचीने केलं. तिने ओठ अगदी बरोबर हलवले.

तो देणगीदार आमच्या कॉलेजच्या संस्थेवरही आहे, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी माईक घेतला असता. प्राचार्यांनी बोलावलं, बसायला खुर्ची दिली. ते वाईट गृहस्थ नाहीत. टाइप केलेला कागद पुढे सरकवला: भावनेच्या भरात, गैरसमजातून, खोटं विधान केल्याबद्दल मी बिनशर्त माफी मागते. मी म्हटलं, सर, यातलं खोटं कोणतं ते दाखवा, मी आत्ता सही करते. ते म्हणाले, "पूर्णिमा, सही कर आणि मोकळी हो. शब्दच तर आहेत." मला ते शब्द लागले, बाबा. शब्दच तर आहेत म्हणून माझे पुसले, आणि शब्दच तर आहेत म्हणून यांचे मी लिहून द्यायचे. इतके क्षुल्लक असतील तर माझ्या दारात कशाला उभे आहात?

अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर मी वादविवाद स्पर्धेत दोनदा बोलले आहे. एकदा बाजूने, पुढच्या वर्षी चिठ्ठी उलट निघाली, तर विरोधात. दोन्ही ढाली आपल्या कपाटात शेजारी शेजारी आहेत आणि आई त्या एकाच फडक्याने पुसते. दोन्ही वेळा मला वाटायचं की स्वातंत्र्य म्हणजे तोंड उघडायला मिळणं. आता वाटतं, ते निम्मंच झालं. चंपाला त्यांनी तोंड मिटायला सांगितलं, मला उघडायला सांगताहेत, आणि काम एकच चाललं आहे. आवाज त्यांनी भरायचा, ओठ आपण हलवायचे. जे मनात नाही ते न बोलण्याचा हक्क गेला, की मग बोलण्याचा हक्क असून काय उपयोग?

तुम्हाला आठवतं, लहानपणी एका १४ एप्रिलला तुम्ही मला खुर्चीवर उभं केलं होतं आणि मी थरथरत होते? "काऊन गं, माईक खाऊन टाकते का तुले?" असं म्हणून तुम्ही हसलात आणि माझ्या मागे उभे राहिलात. त्या काळात तुमचं भाषण ऐकायला शेजारच्या गावांतून माणसं यायची. मग तहसीलमधली नोकरी, मग भाषणं करता म्हणून आलेली साहेबांची ती नोटीस, आणि मग तुम्ही भाषण न करता पाहुण्यांची ओळख करून द्यायला लागलात. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "नोकरीतला माणूस सूत्रसंचालन करतो." मी तेव्हा हसले होते. त्या पगारावर मी शिकले, हे मला माहीत आहे. तुम्ही गप्प राहून जे उभं केलंत, त्यावर उभी राहून मी बोलते आहे. म्हणून तुमच्यासमोर मला कुठलाही आव आणायचा नाही. नोकरी मला हवी आहे. सोमवारपासून जाहिराती बघते आहे, एका ट्यूशन क्लासमध्ये शिकवायचं विचारून आले आहे. रात्री उशी ओली होते, तेही खरं आहे.

आता हे पत्र आजच का लिहिते आहे ते. काल प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं आणि तोडगा सांगितला. माझी सही नसली तरी चालेल, पालकांचं हमीपत्र पुरेल. "माझी मुलगी पूर्णिमा हिच्या गैरवर्तनाबद्दल मी तिच्या वतीने माफी मागतो आणि ती यापुढे सार्वजनिक ठिकाणी बोलणार नाही याची हमी देतो." तो कागद टपालाने तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर निघाला आहे. तुम्ही सही करून पाठवलात की माझं नाव यादीत लागेल, मला कुणी काही विचारणारही नाही. तो लिफाफा सगळ्यांच्या देखत तुमच्या टेबलावर फुटण्याआधी हे तुमच्या हाती पडावं, एवढीच घाई होती. सही करू नका, असं मी सांगणार नाही. तुमचा हात धरायला गेले, तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला? केलीत तरी मी रागावणार नाही, सुट्टी लागली की नेहमीच्या गाडीने घरी येईन. फक्त तो कागद ऑफिसात वाचू नका. घरी न्या, आईला समोर बसवा आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचा. मग जे ठरवाल ते तुमचं.

काहीही ठरवलंत तरी तुमचीच,
पूर्णिमा