रघुवीरकाकांचं अर्धं राहिलेलं भाषण

स्लाऊ,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय देविका,

नमस्कार. यापुढे "तू मजेत असशील" असं लिहायचं असतं, मराठी शाळेत शिकवलं होतं आपल्याला. तू मजेत नसणार. ते माझंच काम आहे, म्हणून विचारत नाही.

पोस्टाने लिहितोय, कारण तू दुसरं काही उघडं ठेवलेलं नाहीस. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा, अगदी त्या जुने कपडे विकायच्या अ‍ॅपवरसुद्धा ब्लॉक. तिथे काय मी तुझा हिरवा कोट पळवणार होतो? लेटरबॉक्स मात्र ब्लॉक करता येत नाही. आणि मराठीत अशासाठी, की इंग्रजीत सॉरी नुसतं म्हणून टाकता येतं. मराठीत माफी मागावी लागते. मागायची की नाही, ते माझं अजून ठरलेलं नाही.

माझं बरं चाललंय. गॅरेजमध्ये मरणाची थंडी आहे. हरीशभाई हीटर लावू देत नाहीत, म्हणतात, मालकाने तापायचं आणि पोरांनी राबायचं, म्हणजे आपोआप गरम राहतं. गेल्या आठवड्यात एका गाडीखाली बोट कापलं, तीन टाके पडले. तुला सांगणार नव्हतो. सांगितलं.

आता माझी बाजू. एकदा वाच, मग फाड.

मंडळाच्या हॉलमध्ये मी एक प्रश्न विचारला. इतिहासावरचं भाषण, त्यात इतिहासाचा प्रश्न. तुझे बाबा, म्हणजे माझे रघुवीरकाका, स्टेजवर बीएमडब्ल्यूची गोष्ट सांगत होते. सुरुवात झकास केली. म्हणाले, "या देशात म्हणतात, बीएमडब्ल्यूवाला इंडिकेटर देत नाही. मी देतो. रिकाम्या कार पार्कमध्येही देतो." लोक हसले. मग पहिल्या महायुद्धातली विमानांची इंजिनं. मग मोटारसायकली. मग १९२८ साली मोटारीत उडी, आणि ती पहिली मोटार म्हणजे इथल्याच इंग्लिश ऑस्टिन सेव्हनची लायसन्स घेऊन काढलेली बहीण. पुन्हा हशा. आणि मग एकदम, "दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनी भांडीकुंडी बनवू लागली."

अरे! युद्धानंतर? आणि युद्धात काय केलं? वेठबिगार आणि छळछावणीतले कैदी जुंपून विमानांची इंजिनं करून घेतली, हे कंपनी आज स्वतः कबूल करते. आणि आपण ते गिळून थेट कढई-पातेल्यांवर? मी उभा राहून तेवढंच विचारलं.

तेवढंच नाही. माहीत आहे मला. येतो तिकडे.

मला हे सगळं कुठून कळलं, ते तुला कधी सांगितलं नाही. तू समजत असशील, गॅरेजमध्ये कळलं. गॅरेजमध्ये इतिहास कोण सांगतो? तिथे फक्त सर्व्हिस हिस्टरी विचारतात.

मार्चमध्ये मी युनिव्हर्सिटीत जाणं बंद केलं होतं. मिल्टन कीन्सला आईबाबांना वाटत होतं, मी सेकंड इयरच्या प्रोजेक्टमध्ये बुडालोय. आणि मी इथे वेअरहाउसमध्ये खोकी स्कॅन करत होतो. एकदा दुपारच्या ब्रेकमध्ये सुपरमार्केटच्या कार पार्कात गेलो, तर कोपऱ्यात तुमची निळी बीएमडब्ल्यू, फाइव्ह सीरिज. आत काका. टाय लावलेला, मांडीवर डबा.

"तू इथे?"

"प्रोजेक्टचं काम होतं, काका. तुम्ही?"

"क्लायंट मीटिंग."

दुसऱ्या दिवशी तेच. प्रोजेक्ट, मीटिंग. तिसऱ्या दिवशी मी व्हॅनच्या मागून सटकत होतो, तेवढ्यात काकांनी डावीकडचं दार उघडलं. "बस. पोहे आहेत. आज कुणाचीच मीटिंग नाही."

फेब्रुवारीत त्यांच्या टीममधल्या अकरा जणांना काढलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. सकाळी एजवेअरहून निघायचं, ट्रॅफिकमध्ये बसायचं, स्लाऊला पोचायचं. ऑफिस गेलं तरी रस्ता राहिला. मला म्हणाले, "घरी बोलू नकोस. वेळ आली की मी सांगेन. मी." मी म्हणालो, "माझंही नका सांगू." एवढाच आमचा करार.

मग रोज एक वाजता तो डबा आणि तो इतिहास. मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात भाषण द्यायला सांगितलं होतं, त्याची माझ्यावर तालीम. तो निळा-पांढरा गोल बिल्ला म्हणजे फिरता पंखा नाही, ते बव्हेरियाचे रंग आहेत, पंख्याची गोष्ट नंतरच्या जाहिरातीने पसरवली, हे मला काकांनी सांगितलं. कैद्यांचंही काकांनीच सांगितलं. सांगताना रेडिओ बंद केला होता. म्हणजे मी त्यांच्या तोंडावर जो प्रश्न फेकला, तो त्यांच्याच डब्यातला होता. मी विचारलं होतं, भाषणात हे घेणार ना? म्हणाले, "घ्यायला तर हवं. पण लोक करंज्या खात असतील रे. बघू, धीर झाला तर."

आणि ती अंड्यासारखी छोटी गाडी, इझेटा. कंपनी कशीबशी तग धरून होती तेव्हाची. तीन चाकांची इथे ब्रायटनलाच बनायची. तिला एकच दार, तेही पुढे, फ्रिजसारखं उघडणारं. मोटारसायकलच्या लायसन्सवर चालवता यावी म्हणून काही गाड्यांतला रिव्हर्स गिअर काढून टाकलेला. म्हणे एखादा घाईघाईने सरळ भिंतीला भिडायचा आणि आतच अडकायचा. पुढे भिंत, म्हणून दार उघडत नाही. मागे यावं, तर गिअर नाही. हे ऐकून मी इतका हसलो, की पोहे नाकात गेले. काकाही हसले. मग काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आपण दोघं रे, परीक्षित. इझेटा."

आपण दोघं. तुझे बाबा मला आपल्यात धरत होते, देविका. माझ्या घरी तेव्हा कुणी धरलं नसतं.

आता कार्यक्रमाचा दिवस. मी मागच्या रांगेत. तू पुढे, तुझ्यासाठी पाहिलेल्या त्या वरदच्या शेजारी. तुझ्या आईने, काकूंनी, बसवलं, तू आपणहून नाही बसलीस, हे मला नंतर कळलं. आधी चहाच्या टेबलाशी तो माझ्याकडे आला होता.

"सो, व्हॉट डू यू डू?"

"गॅरेजमध्ये आहे."

"ओह, ब्रिलियंट! माझ्या गाडीची वार्षिक एमओटी टेस्ट ड्यू आहे. मेट्स रेट्स देशील ना, दोस्तीत स्वस्तात?"

मेट! कोण तुझा मेट? हातात चहा होता म्हणून वाचला. तर हे असं डोक्यात घेऊन मी बसलेलो. वर काका इझेटावर आले. भिंतीची गोष्ट सांगितली, लोक पोट धरून हसले. आणि मग काका म्हणाले, "आपल्यातल्या काही तरुणांसारखी. पुढे भिंत, मागे गिअर नाही." सगळा हॉल हसला. वरद हसला. मला वाटलं, तूही हसलीस.

मग मी उठलो. युद्धाचं विचारलं. काका म्हणाले, "चांगला प्रश्न आहे, शेवटी घेऊ या." शेवटी! आणि मग मी जे बोललो, ते बोललो.

नंतर जिन्यात तू विचारलंस, "तुला कधीपासून माहीत होतं?" मी म्हणालो, मार्च. तू हिशोब केलास, मला दिसला तो चेहऱ्यावर. मार्च ते नोव्हेंबर आपण भेटत होतो. तुला सांगितलं नाही आणि शंभर-सव्वाशे लोकांना सांगितलं. तू गेलीस. मी जिन्यात उभं राहून स्वतःला समजावत होतो, की मी फक्त खरं बोललो. खरं बोलायला कुणाची परवानगी लागते?

दहा-बारा दिवस हेच म्हणत होतो. मग या गुरुवारी काकू गाडी घेऊन आल्या. सर्व्हिसला. मी पाना ठेवून पुढे झालो, तर त्या हरीशभाईंना म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलंय, परीक्षितने गाडीला हात लावायचा नाही." हरीशभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्याला हाक मारली. मी टायरच्या ढिगापाशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने काकू तिथे आल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"बोटाला काय झालं?"

"काही नाही. काकू, मी खोटं तर नव्हतो बोललो."

"खोटं कोण म्हणतंय?"

"तुम्हाला कधीतरी कळायलाच हवं होतं ना?"

"मला मार्चमध्येच कळलं होतं."

मी टायरच्या ढिगावर टेकलो.

"सीटखाली शेव होती," काकू म्हणाल्या. "ऑफिसात डबा खाणाऱ्या माणसाच्या गाडीत शेव कुठून येईल? दर शनिवारी मी गाडीतला कचरा हूव्हरने ओढायचे, दर शनिवारी शेव. मग त्यांनी जास्त पोहे मागायला सुरुवात केली. म्हटलं, एकटे नाहीत, बरं आहे. मी डब्यात दुसरा चमचा घालायला लागले."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"त्यांना सांगायचं होतं ना? मग मी कशी सांगणार? मी वाट बघत होते." पर्स बंद केली, पुन्हा उघडली, काही काढलं नाही. "त्या हॉलमध्ये मला नवीन काही कळलं नाही, परीक्षित. फक्त त्यांना कळलं, की आता सांगायला काही उरलं नाही."

हे ऐकून मी गॅरेजच्या व्हॅनमध्ये जाऊन बसलो. हरीशभाई ओरडत होते, तरी बसलो.

तर आता ते सांगतो, जे पहिल्या पानापासून टाळतोय. त्या दिवशी मी काय बोललो, ते जसंच्या तसं. तुझ्यासमोर झालं, तुला पाठ असेल. पण ते माझ्या हाताने लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "काका, युद्ध गाळलंत तसा फेब्रुवारीही गाळा! सांगा ना सगळ्यांना, नोकरी जाऊन नऊ महिने झाले. टाय लावून कार पार्कमध्ये पोहे खायला जाता तुम्ही!" काकांनी आधी माइकचं बटण बंद केलं, मग कागदाची घडी घातली. दोन घड्या.

आणि दुसरं. मंडळाने कार्यक्रमाचा व्हिडिओ टाकलाय. शेवट कापून टाकलाय, पण इझेटा आहे. मी तो इतक्या वेळा पाहिलाय, की मोजणं सोडून दिलं. काका "काही तरुणांसारखी" म्हणतच नाहीत, देविका. ते म्हणतात, "काही जणांसारखी." काही जणांसारखी! माझ्याकडे बघतही नाहीत. कागदाकडे बघतात. कदाचित धीर गोळा करत होते. कदाचित पुढच्या वाक्यात स्वतःच सांगणार होते. ते आता कुणाला कळणार? "तरुण" हा शब्द माझ्या कानाने घातला. आणि हो, व्हिडिओत तूही हसत नाहीयेस.

तिसरं सर्वांत वाईट. जूनमध्ये मी घरी कॉलेज सोडल्याचं सांगितलं, ते तुला माहीत आहे. एकट्याने सांगितलं, असं मी तुला म्हणालो होतो. फुशारकी. काका बरोबर होते. मी तीनदा गाडीतून उतरून परत बसलो. मिल्टन कीन्सचं ते आमच्या घराजवळचं राउंडअबाउट, त्याला काकांनी चार फेऱ्या मारल्या, दर फेरीला इंडिकेटर देऊन. एकदाही म्हणाले नाहीत, की मी सांगतो तुझ्या बाबांना. सोपं होतं ते. शेवटी मी आत जाऊन सांगितलं. बाबांनी हात उगारला, तेव्हा काका मध्ये आले आणि एवढंच म्हणाले, "त्याचं तो बोललाय. तेवढं तरी धरा." दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच मला हरीशभाईंकडे नेलं.

त्यांनी माझं मला बोलू दिलं. मी त्यांचं बोलून टाकलं.

मागतो माफी. ठरलं. पण तुझ्याकडे मागून उपयोग नाही, आणि काका मला दारात उभं करणार नाहीत. करूही नये. वरदबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो मूर्ख आहे. झालं, म्हणालो. तू परत ये, असं मी म्हणत नाहीये. खोटं, तेच म्हणतोय, दर ओळीत तेच म्हणतोय. पण तू येऊ नकोस. आत्ता आलीस तर मला वाटेल, मी जिंकलो, आणि माझं काही खरं नाही, मी पुन्हा कुठेतरी उठून बोलेन.

एकच काम कर. माझ्यासाठी नको. काकांचं भाषण इझेटापाशीच थांबलं. पुढचा भाग राहिला, आणि तो सगळ्यांत भारी आहे. डिसेंबर १९५९, कंपनी बुडायला आलेली, भागधारकांची सभा, कंपनी विकायचा ठराव टेबलावर. तिथे काय झालं, हे काका सांगायला लागले की डबा बाजूला ठेवायचे, दोन्ही हात लागायचे त्यांना. मला तो शब्दन् शब्द पाठ आहे. इथे लिहू शकतो. लिहिणार नाही.

हे पत्र मिळेल त्या रात्री जेवताना विचार त्यांना. "बाबा, एकोणसाठ साली त्या सभेत काय झालं?" इंटरनेटवर बघू नकोस. ते आधी काही नाही म्हणतील, भाजी वाढ म्हणतील. तू परत विचार. सुरू झाले, की हात टेकून बस, आणि संपेपर्यंत एक अक्षर बोलू नकोस.

कळावे असं लिहायची पद्धत आहे. मला उशिरा कळलं. लोभाचं तू ठरव.

मध्येच बोललेला,
परीक्षित