पाहिलं, वाचलं, ऐकलं

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला लिहायला बसले आहे. कारण सरळ आहे. हे जिला सांगायला हवं तिच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत होत नाही. तुमच्यासमोर तरी कुठे होती म्हणा, पण तुम्ही आता उलट विचारणार नाही, एवढा फायदा आहे.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. चार माणसं जेवायला बसली की पाचव्याला उभं राहायलाही जागा नसायची. तुम्ही मंत्रालयाच्या विधी विभागातून घरी यायचे, दिवसभर सरकारतर्फे कोर्टात द्यायची अ‍ॅफिडेव्हिटं टाइप करून. त्या प्रत्येक अ‍ॅफिडेव्हिटच्या शेवटी एक परिच्छेद असतो, हे मला पाढ्यांच्याही आधी कळलं होतं. अमुक ते तमुक परिच्छेद माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरे, त्यापुढचे कागदपत्रांवरून, आणि उरलेले मिळालेल्या माहितीवरून. ते तुम्ही जेवणाच्या ताटापर्यंत आणलं होतं. घरात कोणीही काही बातमी सांगितली की तुम्ही घास हातात धरून विचारायचे, "अच्छा. यातलं कुठलं? पाहिलं, वाचलं की ऐकलं?" आई वैतागायची. एकदा ती म्हणाली, दूध आज येणार नाही, आणि तुम्ही लगेच, "कुठलं?" त्यावर ती म्हणाली, "या दोन डोळ्यांनी पाहिलं, डेपोचं शटर खाली आहे. आता कोरा चहा घ्या आणि गप्प बसा." दादा आणि मी हसून लोळत होतो. शाळेत मैत्रिणींनी काही सांगितलं की मीही विचारायचे, "देखा या सुना?" त्यांना वाटायचं, हिचं डोकं फिरलंय.

मग कॉलेज आलं आणि मला शिंगं फुटली. आमच्या गटानं बांधकाम मजुरांसाठी एक पत्रक काढायचं ठरवलं. एका साइटवर माती ढासळून दोन बायका मेल्या, असं मी त्यात लिहिलं होतं, चांगलं जळजळीत. छापायला द्यायच्या आदल्या दिवशी ते तुमच्या हाती लागलं. तुम्ही चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि विचारलं, "कुठलं?" मी म्हणाले, "बाबा, सगळे म्हणताहेत." तुम्ही आवाज चढवला नाहीत. रविवार होता, आईनं भात लावला होता. तुम्ही चपला घातल्या आणि म्हणालात, "चल." दोन बस बदलून आपण त्या साइटजवळच्या हिंदूरावच्या इस्पितळात गेलो. रिजच्या टेकडीवरची माकडं फाटकावर बसलेली, मी रागानं धुमसत तुमच्यामागून चाललेली. तुम्ही वॉर्डावॉर्डांतून हिंदीत चौकशी करत होतात, तुमच्या त्या हिंदीत, जी चाळीस वर्षं दिल्लीत राहूनही पुण्याचीच राहिली. शेवटी एका खाटेपाशी तुम्ही थांबलात. तिथे एक बाई पाय प्लास्टरमध्ये घालून बसली होती आणि डाळीत रोटी बुडवून खात होती. दुसरीला आदल्या दिवशी घरी सोडलं होतं. तुम्ही मला मराठीत म्हणालात, हळूच, तिला कळू नये म्हणून, "तुझी मेलेली बाई जेवतेय. पाय मोडलाय तिचा, मुकादम दवापाण्यालाही फिरकला नाही. ते लिही ना. ते काय कमी आहे?" परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत रडले. मला वाटलं, तुम्ही मला माझ्याच गटासमोर खोटं पाडलं. खरं तर गटाला तुम्ही कधीच काही सांगितलं नाही. पत्रक मी बदललं आणि श्रेय स्वतः घेतलं.

त्यानंतर रविवारी सकाळी तुम्ही मला शेजारी बसवू लागलात. पेपराचं पहिलं पान सोड, म्हणायचे, ते सगळ्यांसाठी असतं. आतल्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या जाहीर सूचना वाच. कुठली जमीन कोणाला जाणार ते तिथे असतं. संसदेतले प्रश्न वाच, उत्तरापेक्षा प्रश्न जास्त सांगतो. खात्याच्या फलकावर कागद चिकटवलेला असेल तर स्वतः जाऊन बघ, तारीख आणि सही बघ. आणि बाहेरच्या चहावाल्याशी बोल, पण त्याचं ऐकलेलं ऐकलेल्यातच ठेव. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्थेत माझी पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही एक जाड वही दिलीत, प्रत्येक पानावर लाल पेन्सिलीनं तीन रकाने आखलेली. वर पाहिलं, वाचलं, ऐकलं. दोनशे पानं तुम्ही पट्टीनं आखली होती, तेही मोतीबिंदूच्या डोळ्यांनी. मी म्हणाले, "बाबा, माणसं उघड्यावर पडतात आणि तुम्ही रेघा मारता." हे मी म्हणाले. तुम्ही वही टेबलावर ठेवलीत आणि चहा करायला आत गेलात.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी एका धरणे आंदोलनात होते. फोनवर विचारलं, तब्येत कशी आहे. तुम्ही म्हणालात, "बिल्कुल ठीक." मी चेष्टेनं विचारलं, "पाहिलं की ऐकलं?" तुम्ही हसलात आणि म्हणालात, "पाहिलं." तुमच्या हातात तेव्हा सलाइन होतं, हे दादानं मला नंतर सांगितलं. मी काम सोडून येऊ नये म्हणून तुम्ही आयुष्यात एकदा रकाना चुकवलात, आणि मी त्यावर विश्वास ठेवला, कारण तो रकाना तुमचा होता.

आता जे लिहायचं ते लिहिते. गेल्या वर्षी आमच्या एका वस्तीत सर्व्हे होणार होता. झोपड्या पाडायच्या आधी खात्याची माणसं येतात, घरोघरी फिरतात, जो घरात भेटेल त्याचं नाव यादीत. यादीत नाव असेल तर दुसरीकडे घर मिळतं. दाराला कुलूप असेल तर तसा शेरा पडतो आणि माणूस हिशोबातून जातो. तिथे एक बाई आहे. तीन कोठ्यांमध्ये, म्हणजे बंगल्यांत, स्वयंपाक करते, बावीस वर्षं त्याच जागी राहिलेली, रेशनकार्डापासून वीजबिलापर्यंत सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेलं. मी वस्तीत गेले की तिच्याकडेच चहा. सर्व्हेच्या दिवसासाठी तिनं तिन्ही घरांतून सुट्टी मागून घेतली होती.

त्याच्या आदल्या दिवशी मी कुठे होते, ऐका. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात, तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात. विषय होता, खात्रीची माहिती कुठून मिळवावी. तुमचीच गोष्ट सांगत होते मी, हिंदूरावची. "मेलेली बाई जेवतेय" या वाक्याला पोरं खूप हसली. मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की कुठे थांबायचं ते मला पाठ आहे. मग चहाची सुट्टी झाली. फोन पाहिला तर आमच्या ग्रुपवर एका जुन्या, भरवशाच्या साथीदाराचा निरोप: कोर्टाचा स्टे मिळाला, उद्या सर्व्हे होणार नाही. मला फार आनंद झाला. एका हातात समोसा होता. दुसऱ्या हातानं मी तो निरोप वस्तीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "पक्की खबर है. सब काम पर जाओ." मग पुन्हा आत जाऊन मी उरलेला अर्धा तास पोरांना शिकवलं.

स्टे मिळाला होता, बाबा. तो नाल्यापलीकडच्या वस्तीला होता. कोर्टाचा आदेश वाचायला पाच मिनिटं लागली असती, आमच्या वकीलबाईला फोन करायला दोन. त्या स्वयंपाकवाल्या बाईनं मात्र माझं वाचून तिन्ही घरांना कळवलं, "आती हूँ भाभीजी, दीदी ने कहा है." दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हे झाला. एकतीस दारांवर कुलुपं होती. त्यातली बहुतेक नावं नंतर धावपळ करून, शेजाऱ्यांच्या साक्षी काढून यादीत घालता आली. तिचं नाही. तिच्या दोन्हीकडचे शेजारीही माझ्याच निरोपावर कामाला गेले होते.

अपील करायचं ठरलं. गैरहजर राहण्याचं कारण सांगायला हवं होतं. वकीलबाईनं अ‍ॅफिडेव्हिट लिहिता लिहिता मला विचारलं, "दीदी, किसने बताया था? नाम डाल दूँ?" संस्थेचे प्रमुख शेजारीच बसले होते. ते म्हणाले, संस्थेचं नाव आलं तर आपल्या बाकीच्या केसेस अडचणीत येतील. मी मान हलवली. त्यांच्यावर ढकलत नाही. ते बोलले नसते तरी मी मान हलवलीच असती. वकीलबाईनं लिहिलं, अज्ञात सूत्रांकडून माहिती मिळाल्यामुळे. तुम्ही असता तर तो कागद टाइपरायटरमधून ओढून काढला असता.

सुनावणीला मी तिच्या मागच्याच खुर्चीवर होते. अधिकारी वाईट नव्हता. त्यानं तिच्या पिशवीतले सगळे कागद पाहिले आणि विचारलं, "किसने कहा था कि सर्वे नहीं होगा?" ती कागद पिशवीत भरू लागली. तो पुन्हा म्हणाला, "अम्मा, कोई नाम हो, कोई मैसेज हो, तो बताइए. मैं लिख लूँगा." निरोप माझ्या पर्समधल्या फोनमध्ये होता, तिच्याही फोनमध्ये होता. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विचारल्यासारखं. मी बसून राहिले. तिनं पुन्हा पुढे पाहिलं आणि म्हणाली, "बस, सुना था साहब."

बाहेर आल्यावर तिनंच मला पाणी दिलं. म्हणाली, "आपका नाम आता तो बाकी लोगों का काम कौन करता, दीदी?" तीन आठवड्यांनी अपील फेटाळलं गेलं. कारण विश्वासार्ह वाटत नाही, असं त्यात लिहिलं होतं. आणि खरंच, अज्ञात सूत्रांवर कोण विश्वास ठेवील? घर पाडलं तेव्हा तिनं कागदांची पिशवी छातीशी धरली होती. खुंटी भिंतीतच राहिली.

त्या दिवसापासून मला तुमचा तो फोन सारखा आठवतो. दोन माणसं माझं काम अडू नये म्हणून खोटं बोलली, बाबा. दोघांनाही वाटलं की ते काम एवढं मोठं आहे. मला मात्र ती वही उघडायला सवड झाली नाही. परवा उघडली. पहिल्या चार पानांवर माझं अक्षर आहे, पुढे तुमच्या लाल रेघा आणि कोरे रकाने.

मी एक नवीन अ‍ॅफिडेव्हिट लिहिलं आहे, माझ्या नावाचं. निरोप कोणी टाकला, किती वाजता, कुठे बसून, हातात काय होतं तेसुद्धा. वकीलबाई म्हणते, उशीर झालाय, पण एकदा अर्ज करून बघता येईल. शेवटचा परिच्छेद मी स्वतः टाइप केला: एक ते सहा माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरे. आयुष्यात पहिल्यांदा सगळेच परिच्छेद एका रकान्यात बसले. अजून त्यावर सही केलेली नाही. अर्जावर तिचीही सही लागेल, आणि त्यासाठी तिला भेटून आधी सगळं तोंडानं सांगावं लागेल.

ती आता दिल्लीच्या हद्दीबाहेर, लोणीला एका भाड्याच्या खोलीत राहते, मेट्रो आणि पुढे शेअर रिक्षा करून कामाला येते. बरी आहे म्हणतात. हे ऐकलंय, बाबा. आठ महिने झाले, जाऊन पाहिलेलं नाही.