हातभर उघडी भिंत

धाकट्या बहिणीले, इंदूबाईले मैनाचे जीव भरून आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे चालतात, पण कुरकुर करत. जावईबापूंले नमस्कार सांग.

आपला कपिल (माझा मोठा नातू, नागपूरले इमारतीचे नकाशे शिकलेला) गावात अंगणवाडी बांधून राह्यला, तेही पऱ्हाटीची! कापूस वेचला की लोकं पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या चुलीत घालतात (औंदाचा भाव ऐकून काही जण कापसासकट घालाले निघालते), अन हा तिच्या पेंढ्या दाबून भिंतीत भरते, वरून माती लिपते. पंखा नाही, तरी भर मे महिन्यात आत माठाच्या पोटात बसल्यासारखं वाटते. मी दिवसातून चार खेपा जाऊन बसतो. पोरायच्या आधी आजीच भरती झाली, असं सरपंच वामनराव म्हणते. म्हणू दे.

गुरुवारी यवतमाळचे साहेब पाहाले येणार. त्यायनं हो म्हटलं तं आणखी पाच गावच्या अंगणवाड्या कपिलच्या हाती. नाही म्हटलं तं तो पुण्याले चालला, काचेच्या इमारती बांधणाऱ्याकडे. मंग घरात मी अन ही कुरकुर.

अन त्यातच मी घात केला. कपिल रविवारी नागपूरले गेलता. पाहतो तं दारापाशी हातभर भिंत उघडीच, आतली पऱ्हाटी दिसून राह्यली! म्हटलं मजूर विसरले, साहेबापुढं लाज जाईन. पदर खोचला, शेणमाती कालवली अन सारवून टाकलं. वर चुन्याचे पाच ठिपकेही दिले.

संध्याकाळी रिजवान मिस्त्री आला अन डोक्याले हात लावून खालीच बसला. म्हणे, "आजी, काहून सारवलं? आत काय भरलं ते साहेबाले दिसावं म्हणून तो तुकडा मुद्दाम उघडा ठेवलता! न पाहता ते पास करतीन काय?" तेव्हापासून मले घास उतरत नाही. (चहा उतरते.)

तुझी, मैना

ता. क. : बुधवारी ये, अन कपिलले सांग, रविवारी येऊन गेलती, मीच सारवलं. तू पाहुणी, तुले तो बोलणार नाही.

दुसरा ता. क. : चिठ्ठी देवीलालच्या काळीपिवळी जीपमंदी द्याले निघाली तं कपिलच दारात. कोणी सारवलं, विचारलं. माझ्या तोंडातून तुझंच नाव निघालं. तो भिंतीवर हात फिरवत राह्यला. म्हणे, एक भेग नाही, असा हात माझ्या एकाही मजुराले नाही. उघडा तुकडा मागच्या भिंतीले पाडतो, पण मावसआजीले बोलाव, साहेबासमोर सारवून दाखवू दे. इंदू, तुले तं शेणाच्या वासानंच चक्कर येते. बुधवार नको, मंगळवारीच ये, अन आल्याबरोबर खरं सांगून टाक.