लाल गाडीच्या तेलाची व्यवस्था

शिवाला स्मरून आणि गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून लिहितो. मी, महालिंगप्पा शरणबसप्पा माळगे, वय एकाहत्तर, ट्रॅक्टर मिस्त्री, राहणार माकणी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणाची जबरदस्ती नाही.

१. राहते घर, परसातली चिंच आणि बँकेत असेल ते सर्व माझी एकुलती एक मुलगी महेश्वरी हिला.

२. शेडातली हत्यारे पुतण्या बंडप्पा याला. मोठा पाना त्याने चौदा वर्षांपूर्वी "उद्या आणून देतो, काका" म्हणून नेला. तो उद्या अजून उजाडायचा आहे. पाना त्यालाच दिला असे समजावे. मात्र इंजिनाच्या सिलिंडरचा बोअर आतून घासायचा दगड कोणाला देऊ नये. तो माझ्याबरोबर पुरावा.

३. शेडातली लाल स्पोर्ट्स कार माझी नाही. ती कडूबाईंची, म्हणजे त्यांच्या मयत मुलाची, रणधीरची. पोराने पुण्याहून जुनी घेतली आणि इंजिनकामाला माझ्याकडे आणली. "अप्पा, तुमच्याबिगर कुणाला हात लावू देणार न्हाय," म्हणाला. मी फुगलो. ट्रॅक्टरच्या बोअरला फिरवतो तसाच दगड फिरवला. असल्या गाड्यांच्या बोअरला आतून पातळ लेप असतो आणि तो घासला गेला की इंजिन तेल जाळते, हे मला दोन महिन्यांनी कळले. तोवर गाडी दोनशे किलोमीटरला लिटरभर तेल पिऊ लागली होती. मी म्हणालो, "दमाची गाडी हाय, पिणारच." चूक कबूल केली नाही. डिकीत तेलाचा डबा तेवढा ठेवून दिला.

१४ मार्च २०१९ रोजी दुपारी तेरजवळून त्याचा फोन आला. "अप्पा, तेलाचा दिवा लागलाय, डबा बी रिकामा. समोर गॅरेज हाय, दाखवू का?" दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन उघडले असते तर माझी अब्रू गेली असती. मी म्हणालो, "कुठं थांबू नकोस. सरळ माझ्याकडं ये." वाटेत इंजिन जाम झाले, मागची चाके अडकली, गाडी उलटली. रणधीर एकोणतीस वर्षांचा होता. त्याला मी मारले. हे आजवर कोणाला सांगितले नाही.

पोलिसांकडून गाडी सुटल्यावर कडूबाईंनी ती माझ्याच शेडात आणून ठेवली. "तुमी लई जीव लावला होता तिला," म्हणाल्या. तेव्हा धरणीने पोटात घेतले असते तर बरे झाले असते.

४. त्या गाडीचे इंजिन पहार लावूनही फिरत नाही. बॅटरी काढलेली आहे. तरी दर सोमवारी तेल लिटरभर कमी भरते. खाली बारीक वाळू पसरून पाहिली, एक थेंब नाही. सहा वर्षे मी तेल घालतो आहे.

गेल्या वर्षी सोलापूरला अकरा दिवस दवाखान्यात होतो. महेश्वरीचा फोन आला, "अप्पा, शेडातून करपल्याचा वास येतोय." घरी येऊन पाहतो तर तेल मोजायची पट्टी कोरडी, बॉनेटवर हात ठेववेना आणि आत ब्रेकचे पेडल तळापर्यंत दाबलेले. कोणी जीव खाऊन पाय दिला असावा तसे. तेल ओतून पुन्हा आत डोकावलो. पेडल वर आले होते. मी लई भ्यालो, खोटे कशाला बोलू?

माझ्यामागे तेल कोणी घालायचे? महेश्वरीवर हे ओझे टाकणार नाही, तिचा काही गुन्हा नाही. बंडप्पा एक सोमवार घालील आणि पुढच्या सोमवारी "उद्या" म्हणेल. चुकून चालणार नाही. म्हणून जागा मोकळी सोडतो: ....................

५. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये म्हणतात. कडूबाईंना देण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, म्हणून एक साक्ष त्यांची. मात्र कलम तीन वाचल्याशिवाय त्यांनी सही करू नये.

ठिकाण: माकणी. दिनांक: १० नोव्हेंबर २०२५, सोमवार.

लिहून देणार: महालिंगप्पा शरणबसप्पा माळगे

साक्षीदार:
राजशेखर बसवणप्पा कोरे, निवृत्त शिक्षक, माकणी

कडूबाई महारुद्र गोरे
वाचलं. तुमाला माफी न्हाय. मोकळ्या जागंत माझं नाव घाला. लेकरू अजून वाटंवरच हाय.